क्वार्टरच्या भिंतीला ओल आणि नवरा फील्डला निघालेला: आधी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मिस्टर फौजेत नाईक या हुद्द्यावर आहेत. सात महिने वेटिंगमध्ये काढल्यावर छावणीत क्वार्टर मिळालं आणि पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. तुम्ही तीनदा तक्रार केलीत. एक माणूस येऊन पोपडे खरवडून चुना मारून गेला, पंधरा दिवसांत भिंत पुन्हा होती तशी. दुसरीतल्या मुलीचा खोकला थांबत नाही. त्यात आता दोन-अडीच महिन्यांत युनिट फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, निघणार. क्वार्टर धरून ठेवावं, सातारा जिल्ह्यात सासरी जावं की बाहेर खोली घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ लिहिलीत: "कुणाला सांगितलं की म्हणतात, फौजीची बायको आहेस, एवढं चालायचंच."

त्या ओळीचं आधी बोलते. ओल्या खोलीत लेकरू खोकत असताना "चालायचंच" म्हणून बसायचं नसतं. नवरा सीमेवर गेला की त्याच्याशिवाय दिवस काढणं आपल्या वाट्याला येतं, ते आपण काढतोही. पण गळका पाइप त्यात मोडत नाही. त्याची तक्रार केली म्हणून कुणी कमी फौजी होत नाही.

मी हे कुठून बोलते तेही सांगते. आमचे मिस्टर सुभेदार होऊन निवृत्त झाले. २४ वर्षांत नऊ वेळा सामान बांधलं. दोनदा ते फील्डला असताना मी मुलांना घेऊन सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहिले, एकदा अकरा महिने सासरी, एकदा भाड्याच्या दोन खोल्यांत. शेवटची सहा वर्षं फॅमिली वेल्फेअर सेंटरमध्ये नव्यानं आलेल्या सुनांचे अर्ज लिहून द्यायचे, ते काम आजही करते. तेव्हा तुमचे तिन्ही पर्याय मी राहून बघितलेत.

माझ्या मते तुमची खरी अडचण ओल किंवा खोली यांच्या आधी सुरू होते. आपलं सगळं घर नवऱ्याच्या नंबर, रँक आणि युनिटवर उभं असतं. क्वार्टर त्याच्या नावावर, तक्रार त्याच्या नावावर, गॅस त्याच्या नावावर, शाळेच्या फॉर्मवर सही त्याची. तो समोर असतो तोवर हे जाणवत नाही. तो गेला की प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न येतो, "मिस्टर कुठायत? त्यांना पाठवा." म्हणून हातात असलेले हे दोन महिने कोणत्या घरात राहायचं यावर वाद घालण्यात घालवू नका. जी कामं फक्त तेच करू शकतात ती आधी उरकून घ्या. घराचा निर्णय त्यातूनच सोपा होतो.

सगळ्यात आधी पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या लग्नाची, मुलांच्या जन्माची युनिटमधून निघणारी अधिकृत नोंद. लग्न आणि मुलीचा जन्म दोन्ही पार्ट टू ऑर्डरमध्ये निघालेत ना, हे क्लार्ककडे जाऊन डोळ्यांनी बघायला मिस्टरांना सांगा. "झालं असेल" यावर थांबू नका. माझ्याकडे आलेली एक मुलगी चार वर्षं संसार करत होती, दोन मुलं होती आणि धाकट्याचा जन्म कागदावर निघालेलाच नव्हता. नवरा बर्फात, लेकराला मिलिटरी हॉस्पिटलमध्ये न्यायचं तर डिपेंडंट कार्डावर त्याचं नावच नाही. डॉक्टरांनी माणुसकीनं तपासलं, पण पुढच्या कागदाला पाच महिने गेले. एकच अक्षर चुकलेलं असलं, आधारवर "सुप्रिया" आणि ऑर्डरमध्ये "सुप्रीया" असं असलं, तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या.

त्याच फेरीत डिपेंडंट कार्ड आणि कँटीन कार्ड तुमच्या हातात यायला हवं. बँकेचं खातं दोघांचं, "आयदर ऑर सर्व्हायव्हर" असं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्यानं चालवता येईल असं करून घ्या. आर्मी ग्रुप इन्शुरन्सला आणि फंडाला वारस कोण लावलाय तेही बघा. भरती होताना पोरगं आईचं नाव लावतं, ते बरोबरच आहे, पण लग्नानंतर बदलायचं राहून जातं. हा विषय घरात नाजूक असतो, मला माहीत आहे. सासूबाईंच्या पाठीमागे करू नका. मिस्टरांनीच आईला समोर बसवून सांगावं, वाटल्यास दोघींचे हिस्से लावावेत. शेवटचं, एखादं विशेष मुखत्यारपत्र. गाडी, जमीन, कर्ज यातलं काही अडलेलं असेल तर तेवढ्याच कामापुरतं तुमच्या नावे करून ठेवा. सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र या वेळी लागत नाही.

आता ओल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आपण चुकतो ते तक्रार सांगण्यात. क्वार्टरची दुरुस्ती मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेसकडे, आपण म्हणतो त्या एमईएसकडे असते. तिथे दोन बाजू आहेत. भिंत, छत, दारं, फरशी हे बी/आर बघतं, वीज, पंखे, पंप हे ई/एम बघतं. तुम्ही "भिंतीला ओल आहे" एवढंच सांगितलंत तर रजिस्टरमध्ये भिंत लिहिली जाते, भिंतीचा माणूस येतो आणि चुना मारून जातो. त्याचं काम झालं, तक्रार बंद. पाणी कुठून येतंय हे शोधायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते तुम्ही शोधून सांगा. एका छावणीत आमच्याकडे अशीच ओल होती. मी शिसपेन्सिलनं ओलीची कड भिंतीवर आखायची आणि रेघेशेजारी तारीख घालायची. पाऊस नसलेल्या आठवड्यातही रेघ बोटभर वर सरकली, तेव्हा कळलं की पाणी पावसाचं नाही. मग वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विनंती केली की दोन दिवस ती न्हाणी वापरू नका, दुसरी वापरा. रेघ थांबली. कंप्लेंटमध्ये मी लिहिलं, "वरच्या क्वार्टरच्या न्हाणीतून गळती, खाली बेडरूमच्या भिंतीत पाणी." ओव्हरसियर आले, भिंतीवरच्या पाच रेघा आणि पाच तारखा बघितल्या आणि काही न बोलता थेट वर गेले. न्हाणीच्या कोपऱ्यातला सांधा फुटला होता. चौथ्या दिवशी काम झालं. त्याआधी माझ्याही तीन तक्रारी वाया गेल्या होत्या.

तुमच्याकडे पावसाचं पाणी असू शकतं, बाहेरचा पाइप असू शकतो, वरची न्हाणीही असू शकते. पेन्सिल घ्या आणि दहा दिवस बघा. तक्रार फोनवर होवो, रजिस्टरमध्ये होवो की संगणकावर, तिचा नंबर आणि तारीख एका वहीत लिहा. आलेल्या माणसानं कागदावर सही मागितली तर काम बघितल्याशिवाय "काम झालं" यावर सही करू नका. मोठी दुरुस्ती कॉन्ट्रॅक्टवर होते, म्हणून "सध्या कॉन्ट्रॅक्ट चालू आहे का, नसेल तर कधी सुरू होणार" हे स्पष्ट विचारा. तिथला माणूस बऱ्याचदा वाईट नसतो, त्याच्या हातात त्या महिन्यात सामानच नसतं. तारीख मिळाली की निदान आपल्याला पुढचं ठरवता येतं.

आणि मुलीला एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात दाखवा. खोकला ओलीमुळे वाढतो असं डॉक्टरांना वाटलं तर तसं पुस्तकात लिहून द्यायची विनंती करा. तो कागद, पाच-सहा फोटो आणि आधीच्या तीन तक्रारींचे नंबर जोडून मिस्टरांनी युनिटमार्फत स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे छावणीचा कारभार बघणाऱ्या कार्यालयाला, क्वार्टर बदलण्याचा अर्ज द्यावा. युनिटमार्फत हे महत्त्वाचं. आपण एकट्या जाऊन उभ्या राहिलो तर ऐकून घेतात आणि विसरतात. कंपनी कमांडरच्या सहीनं कागद गेला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. सुभेदार मेजर साहेबांच्या कानावरही घाला, युनिटच्या कुटुंबांचं दुखणं त्यांना कळायलाच हवं असतं.

आणखी एक. क्वार्टर घेताना मार्चिंग इनच्या यादीत ओलीची नोंद केली होती का? नसेल तर आता लेखी तक्रारींच्या प्रती जपून ठेवा. मार्चिंग आउटला, म्हणजे क्वार्टर सोडताना, भिंत, खिडकीची काच, नळाची तोटी सगळं बघतात आणि मोडतोड आपल्या नावावर लागली तर पैसे मिस्टरांच्या पगारातून जातात. पुढच्या वेळी चावी घेतानाच खोलीखोलीचे फोटो काढा, खिळ्याची भोकंसुद्धा.

आता राहायचं कुठे. इथे मी ठाम उत्तर देणार नाही, कारण चार गोष्टी फक्त तुम्हालाच माहीत आहेत: तुमच्या स्टेशनला जागा आहे का, गावात शाळा कशी आहे, सासरी तुमचं कसं पटतं आणि महिन्याचं गणित काय. पण तिन्ही पर्यायांचं खरं वजन सांगते.

फील्डला गेलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी सेपरेटेड फॅमिली क्वार्टर असतात. कुठे आहे तेच क्वार्टर ठेवू देतात, कुठे दुसऱ्या ब्लॉकमध्ये हलवतात, कुठे पुन्हा वेटिंग लागतं. ते स्टेशनवर ठरतं, म्हणून अर्ज युनिट निघायच्या आधी गेला पाहिजे आणि वेटिंगला कोणती तारीख धरली ते विचारून घेतलं पाहिजे. याचा मोठा आधार म्हणजे रात्री अडीचला मुलीला ताप चढला तर गेटवर माणूस आहे, हॉस्पिटल जवळ आहे आणि शेजारची बाईही तुमच्याच परिस्थितीत आहे. माझ्या धाकट्याला झटका आला तेव्हा शेजारच्या पंजाबी भाभींनी त्याला उचलून पळत नेलं. तेव्हा आम्हाला एकमेकींची भाषा धड येत नव्हती. त्या रात्रीमुळे माझं मत या पर्यायाकडे झुकतं, हे लपवत नाही. अडचण अशी की सगळ्या वाट बघणाऱ्या बायका एका ठिकाणी. एकीच्या घरी वाईट बातमी आली की सगळ्या ब्लॉकमध्ये चूल पेटत नाही.

सासरी राहण्यात पैसे वाचतात, मुलीला आजी-आजोबा मिळतात. सातारच्या बाजूला घरोघरी फौजी आहेत, त्यामुळे "नवरा कुठंय" असं कुणी विचारत नाही. पण मिलिटरी हॉस्पिटल लांब पडतं. आणि स्पष्टच लिहिते, घरातल्या पुरुषाशिवाय सासरी राहणाऱ्या सुनेच्या हातात स्वतःचा पैसा हवा. मी अकरा महिने राहिले. सासूबाई प्रेमळ होत्या, तरी मुलाच्या वह्यांसाठी दिरांकडे पैसे मागताना जीव कानकोंडा व्हायचा. मिस्टरांनी दर महिन्याला ठरलेली रक्कम वेगळी तुमच्या खात्यात आणि वेगळी आई-वडिलांना पाठवावी. कुणी कुणाकडे मागायचं नाही, म्हणजे नाती टिकतात.

भाड्याची खोली घ्यायची झाली तर आधी घरभाडे भत्त्याचा आकडा काढा. सरकारी क्वार्टर घेतलं तर हा भत्ता मिळत नाही. क्वार्टर नसेल आणि मिस्टर फील्डला असतील, तर कुटुंब निवडलेल्या ठिकाणी ठेवून भत्ता घेता येतो. जानेवारी २०२४ पासून दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के असे आहेत. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर दुसऱ्यात, सातारा तिसऱ्यात. म्हणजे "शहरात भाडं जास्त" एवढ्यावर ठरवू नका, भत्ताही तिथे जास्त आहे. तुमच्या बाबतीत नेमका किती आणि कोणत्या कागदावर मिळेल ते हेड क्लार्ककडून लिहूनच घ्या. खोली घेताना लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असावा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती नोंदणी सक्तीची आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. करारावर तुमचंही नाव घाला. नाहीतर मालक म्हणतो, "मी साहेबांशी बोललो होतो, तुमच्याशी नाही," आणि साहेब असतात तिथे फोन लागत नाही.

शाळेचं एक माहीत असू द्या, कारण बऱ्याच जणींना ते माहीत नसतं. केंद्रीय विद्यालयं सुरूच झाली ती बदलीवाल्या नोकरदारांच्या मुलांसाठी, १९६३ मध्ये २० रेजिमेंटल शाळा घेऊन. तुमची मुलगी तिथे शिकत असेल आणि वडिलांची पोस्टिंग कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाली, तर तुम्ही जिथे राहायला जाल तिथल्या केंद्रीय विद्यालयात तिची टीसी चालते, वर्ष मध्यावर असलं तरी. फक्त पोस्टिंगचा दाखला युनिटकडून घेऊन ठेवा, तो नंतर मिळवायला फार वेळ जातो. गावात मराठी शाळा असेल तर दुसरीतल्या मुलीला माध्यम बदलणं जड जात नाही, पण दोन वर्षांनी पुन्हा हिंदी-इंग्रजीत यावं लागेल याचा विचार करा. वर्ष संपायला तीन-चार महिनेच उरले असतील तर मी तरी मुलीला हलवणार नाही.

फोनचंही सांगते, कारण त्यानं संसार सावरतो किंवा विस्कटतो. फील्डमधून फोन कधी रोज येतो, कधी आठ दिवस येत नाही. सुरुवातीला मी फोन आला की नळापासून फीपर्यंत सगळं एका दमात सांगायची आणि ते तिकडे नुसते गप्प. मग आम्ही ठरवलं. कामाची यादी रविवारच्या फोनमध्ये, कागद समोर धरून पाच मिनिटांत. बाकीच्या फोनमध्ये फक्त मुलांचं आणि आमचं. त्यांच्या हातात नसलेली गोष्ट मी त्यांना निर्णय घेऊन झाल्यावर सांगायची, आजारपण मात्र कधी लपवलं नाही. ते नंतर दुसऱ्याकडून कळलं, तर तिकडे माणूस जास्त खचतो.

मिस्टर गेल्यावर काही अडलं तर जायच्या जागा तीन. युनिटची मागे राहिलेली रिअर पार्टी, वेल्फेअर सेंटर, आणि गावी असाल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. हे कार्यालय माजी सैनिकांपुरतं आहे असा समज आहे, पण नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबाचे अर्जही ते जिल्हाधिकाऱ्यांकडे नेतं. बांधाचा तंटा, कुणी घरात घुसून त्रास देणं, असं काही झालं तर तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तर ताई, क्रम असा धरा. या आठवड्यात मिस्टरांनी पार्ट टू ऑर्डर आणि वारसाचं बघावं, तुम्ही पेन्सिलनं भिंतीवर रेघ मारावी आणि मुलीला एमआय रूममध्ये न्यावं. पुढच्या आठवड्यात एकाच वेळी दोन अर्ज युनिटमार्फत जाऊ द्या, एक क्वार्टर बदलण्याचा आणि एक सेपरेटेड फॅमिली क्वार्टरचा. एकाची वाट बघत दुसरा थांबवू नका. तिसऱ्या आठवड्यात भत्त्याचा आकडा, शाळेचा दाखला, खात्याचं काम. महिन्याभरात स्टेशनकडून कोरड्या क्वार्टरचं काही ठरलं नाही, तर मात्र ओल्या खोलीत पावसाळा काढू नका. सासर किंवा भाडं यातलं एक धरा आणि मिस्टर इथे असतानाच सामान हलवा, काळ्या ट्रंका एकटीनं जिन्यावरून उतरवायची वेळ येऊ देऊ नका.

मुलगी कोणत्या शाळेत आहे आणि स्टेशनला वेटिंग कितीवर आहे तेवढं कळवा. दोन्ही अर्जांचा मजकूर मी लिहून देते, मिस्टरांना फक्त नंबर, रँक घालून सही करावी लागेल.